'हेडऑफिस', 'एटीएम' आणि 'टॉक्सिक'

पत्राचा सारांश : सोलापूर जिल्ह्यातील एका वाचक भगिनीने हे पत्र लिहिले आहे. त्यांची १९ वर्षांची मुलगी पुण्यात वसतिगृहात राहून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली असताना तिने घरातल्या संगणकावर व्हॉट्सॲप उघडले आणि ते बंद करायचे राहून गेले. मैत्रिणींच्या गटातील तिचे संदेश आईच्या नजरेस पडले. त्यांत आईचा उल्लेख 'हेडऑफिस' असा होता आणि वडिलांचा 'एटीएम' असा. गोव्याच्या सहलीचा विषय चालू होता आणि मुलीने लिहिले होते, 'हेडऑफिसची मंजुरी आली की सांगते, मग एटीएमकडे वळू.' त्यावर एका मैत्रिणीने 'माझा बुढा तर ऐकणारच नाही' असे उत्तर दिले होते. आईने हे कोणालाच सांगितले नाही. आठवडाभराने, सहलीला कोण कोण येणार, त्यांचे फोन क्रमांक काय, असे ती विचारत असताना मुलगी चिडून म्हणाली, 'मम्मी, हे टॉक्सिक आहे.' घरात सासूबाई आहेत. त्यांच्या मते मुलीला नको तेवढी मोकळीक दिल्याचा हा परिणाम आहे. पत्रलेखिका विचारतात : 'आमचे संस्कार कुठे कमी पडले? वाचलेले तिला सांगावे का? आणि यजमानांना हे कळले तर ते पैसे बंद करतील, त्यांना काय सांगू?'

ताई,

तुम्ही दोन घटना एका दमात सांगितल्या आहेत, आणि पत्र वाचताना त्या एकाच दुखण्याची दोन लक्षणे असल्यासारख्या वाटतात. मला त्या अगदी वेगळ्या वाटतात. 'हेडऑफिस' हा शब्द तुमच्याविषयी होता, पण तो तुमच्या कानांसाठी नव्हता. 'टॉक्सिक' हा शब्द मात्र तुमच्या तोंडावर, तुम्हालाच उद्देशून उच्चारला गेला. पहिल्या शब्दाला उत्तर देणे तुम्हाला बंधनकारक नाही, दुसऱ्याला आहे. तुमचे दोन पाने पत्र पहिल्या शब्दाच्या दुःखाने भरले आहे आणि दुसरा शब्द शेवटच्या चार ओळींत आटोपला आहे. मी तो क्रम उलटा करू इच्छिते. पण दुखावले गेलेले मन आधी ऐकायला हवे, म्हणून सुरुवात 'हेडऑफिस'पासूनच करू.

'आमच्या वेळी वडिलांसमोर ब्र काढायची हिंमत नव्हती,' असे तुम्ही लिहिले आहे. 'वडिलांसमोर' हा शब्द तुम्हीच वापरला आहे आणि तो अचूक आहे. समोर कोणी काही बोलत नसे. पाठीमागे काय चालत असे, हे वसतिगृहात, कट्ट्यावर किंवा गावच्या पारावर बसलेल्या कोणालाही विचारावे. पत्राच्या मायन्यात 'तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार' असे लिहिणारा मुलगा पत्र पेटीत टाकून परत येताना मित्राला 'आमच्या तीर्थरूपांची मनिऑर्डर अजून आली नाही' असे सांगत असे, आणि त्या 'तीर्थरूपां'त भक्ती किती आणि चेष्टा किती, हे दोघांनाही कळत असे. 'पिताश्री' आणि 'मातोश्री' हेही असेच दुधारी शब्द. पश्चिम महाराष्ट्रात 'म्हातारा' म्हटले जाई, विदर्भात 'बुढा' आणि 'बुढी' आजही सर्रास म्हटले जाते, आणि तुमच्या मुलीच्या मैत्रिणीचा 'बुढा' बहुधा तिकडूनच आलेला आहे. हे शब्द वापरणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी पुढे आईवडिलांची आजारपणे निगुतीने काढली. मनिऑर्डरचे एटीएम झाले, एवढाच काय तो काळाचा फरक.

आदर संबोधनात असतो, हे गृहीतकही जरा तपासून पाहू. आपल्याकडे वडिलांना 'अहो बाबा' आणि आईला 'ए आई' म्हणण्याची रीत पिढ्यान्पिढ्या चालत आली. एकत्र कुटुंबांत तर पोरे आपल्या जन्मदात्या आईला 'वहिनी' किंवा 'काकू' आणि वडिलांना 'दादा', 'भाऊ', 'अण्णा' म्हणत, कारण घरातील इतर जण त्यांना त्याच नावाने हाक मारीत. आईला वहिनी म्हणणाऱ्या त्या मुलांच्या मनात आईविषयी माया कमी होती, असे कोणी म्हणणार नाही. (बाबांना 'अहो' आणि आईला 'ए' का, हा प्रश्न मात्र आपण कधी फारसा विचारला नाही. तो विचारायला हवा होता, असे मला वाटते. पण तो या पत्राचा विषय नव्हे.)

आता त्या संदेशाकडे पुन्हा एकदा पाहा, यावेळी शब्द बाजूला ठेवून नुसता मजकूर पाहा. तुमची मुलगी मैत्रिणींना सांगते आहे की, आईची परवानगी मिळाल्याशिवाय मी येणार नाही. १९ वर्षांची, घरापासून दूर राहणारी, मनात आणले तर न सांगताही गोव्याला जाऊन येऊ शकणारी मुलगी हे सांगते आहे. चार मैत्रिणींमध्ये 'मला आईला विचारावे लागेल' असे सरळ म्हणणे या वयात अवघड असते, त्यात लहान पोर ठरण्याची भीती असते. 'हेडऑफिसची मंजुरी' म्हटले की तीच गोष्ट हसण्यावारी जाते, लाज वाचते आणि परवानगीही मागता येते. तुम्हाला त्यात अवज्ञा दिसली. मला त्यात तुमचा शब्द अजून चालतो याचा पुरावा दिसतो, आणि तो तुम्ही नसताना दिला गेलेला असल्यामुळे मी त्याला अधिक महत्त्व देईन.

शिवाय नावे ठेवण्याचा हा उद्योग एकतर्फी नाही. 'दिवटे चिरंजीव', 'आमचे कुलदीपक', 'लाडोबा', 'ऐतोबा', 'कार्टे' ही सगळी संपत्ती मोठ्यांनीच मुलांच्या नावे केलेली आहे. इटलीत २००७ साली अर्थमंत्री तोम्मासो पादोआ-स्क्योप्पा यांनी, मोठे होऊनही आईवडिलांच्या घरात राहणाऱ्या तरुणांना 'बाम्बोच्चोनी', म्हणजे वाढलेली बाळे, असे म्हटले आणि देशभर गदारोळ उडाला. घरभाडे परवडत नाही त्याला आम्ही काय करणार, असे तरुणांनी विचारले. आपल्याकडे मुलींच्या वाट्याला याहून बोचरे शब्द आले. 'परक्याचे धन' हा शब्द किती घरांत, किती सहजपणे, खुद्द मुलीच्या देखत उच्चारला गेला आहे! आणि आजचे 'पापा की परी' पाहा. स्कूटर शिकताना अडखळणाऱ्या मुलीची चित्रफीत त्या नावाने फिरवायची आणि हसायचे. वडिलांनी मुलीचे लाड केले, तिला गाडी घेऊन दिली, यात थट्टा करण्याजोगे काय आहे, हे मला आजवर कळलेले नाही. 'ममाज बॉय'चेही तेच. त्या एका शब्दात आई आणि मुलगा दोघांचाही अपमान आहे. अशा शब्दांच्या तुलनेत 'हेडऑफिस' हा बराच सभ्य शब्द आहे, निदान त्यात अधिकार मान्य केलेला आहे.

'एटीएम'विषयी मात्र मी इतक्या हलकेपणाने बोलणार नाही. तो शब्द तुमच्या यजमानांवर अन्याय करणारा असेलही, परंतु तुमच्याच पत्रातील एक वाक्य त्याच्या शेजारी ठेवून पाहा. 'हे तिच्याशी फारसे बोलत नाहीत, पण तिने मागितलेले कधी नाकारले नाही.' वडिलांचा निरोप तुमच्यामार्फत जातो, मुलीची मागणी तुमच्यामार्फत येते, मंजुरी तुमच्याकडून मिळते आणि रक्कम त्यांच्या खात्यातून जाते. ही रचना मुलीने बनवलेली नाही. ती घरात आधीपासून होती, तिने फक्त तिला नाव दिले. आपल्याकडे असंख्य घरांत वडिलांचे प्रेम फीच्या पावतीत, बसच्या तिकिटात आणि 'लागले तर सांग' या तीन शब्दांत साठवलेले असते. मुलांना ते दिसत नाही असे नाही, पण त्याच्याशी बोलता येत नाही. पैसे बंद करण्याचा उपाय म्हणूनच मला निरुपयोगी वाटतो. त्याने एटीएम बंद पडले एवढेच सिद्ध होईल. हे नाव पुसायचे असेल तर वडिलांनी पैशांखेरीज दुसऱ्या कारणाने मुलीच्या आयुष्यात दिसायला हवे. ते कसे, याकडे शेवटी येते.

आता 'टॉक्सिक'. हा शब्द कट्ट्यावर जन्मलेला नाही, त्यामुळे त्याला आपल्या जुन्या थट्टेच्या शब्दांचा न्याय लावता येत नाही. आईवडिलांच्या संदर्भात तो रुळवण्यात अमेरिकी लेखिका सुझन फॉरवर्ड यांच्या १९८९ सालच्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे, आणि त्या पुस्तकाचे विषय अतिशय गंभीर होते : मारहाण, व्यसनाधीन पालक, शब्दांनी सतत केलेला अपमान, लैंगिक अत्याचार, मोठ्या झालेल्या मुलांवरही चालणारे नियंत्रण. पुढे हा शब्द नोकरी, मैत्री, राजकारण, सगळीकडे पसरला. ऑक्सफर्ड शब्दकोशाने २०१८ साली त्याला वर्षाचा शब्द ठरवले. मोबाइलच्या पडद्यावर तीस सेकंदांत मानसशास्त्र शिकवणाऱ्यांनी तो तुमच्या मुलीपर्यंत पोहोचवला. इतका प्रवास झालेल्या शब्दाची धार बोथट होतेच. आज तो 'मला हे असह्य झाले आहे' इथपासून 'मला या घरात भीती वाटते' इथपर्यंत कोणत्याही अर्थाने वापरला जातो, आणि ऐकणाऱ्याला त्यातला नेमका कोणता अर्थ आहे हे कळायला मार्ग राहत नाही. तुम्ही तो सर्वांत वाईट अर्थाने घेतलात आणि रडत बसलात. सासूबाईंनी तो उद्धटपणा म्हणून घेतला. मुलीला काय म्हणायचे होते, हे दोघींपैकी कोणीही विचारले नाही.

तेव्हा ते विचारावे, असे मी सुचवते. पण 'मी टॉक्सिक आहे का?' असे विचारू नका. त्या प्रश्नाला 'नाही गं' किंवा 'हो' एवढीच उत्तरे संभवतात आणि दोन्ही निरुपयोगी आहेत. विशेषणावर चर्चा करण्याऐवजी घटना विचारावी : 'त्या दिवशी मी विचारत असताना तुला नेमके काय खटकले? मैत्रिणींचे नंबर मागितले ते, की मी ज्या आवाजात विचारले तो आवाज, की दिवसातून चार वेळा फोन करते ते?' उत्तर येईल तेव्हा मधे 'अगं, पण मी तर काळजीपोटी' हे वाक्य येऊ देऊ नका. ते तिला पाठ आहे. ऐकून झाल्यावर लगेच निर्णयही देऊ नका. एक दिवस जाऊ द्यावा.

ती काय सांगेल याचा अंदाज मला तुमच्या पत्रावरून येतो, आणि इथे मला जनाबाईंच्या नावाने प्रसिद्ध असलेला अभंग आठवतो. घार आकाशात हिंडत असते, पण तिची झेप पिल्लांपाशी. आई कामात गुंतलेली असते, पण तिचे चित्त बाळापाशी. आपण सर्व जण हे चित्र मायेची परिसीमा म्हणून ऐकत आलो. हाइम गिनॉट या मानसशास्त्रज्ञाच्या किशोरवयीन मुलांविषयीच्या १९६९ सालच्या पुस्तकात एक मुलगा आपल्या आईविषयी तक्रार करतो की, ती माझ्यावर हेलिकॉप्टरसारखी घिरट्या घालते. पुढे रूढ झालेल्या 'हेलिकॉप्टर पालक' या शब्दाचा उगम अनेक जण तिथे शोधतात. वरून घिरट्या घालणारी आई आणि खाली मूल, हे दृश्य दोन्हीकडे एकच आहे. अभंगात ते मायेला आसुसलेल्या भक्ताने पाहिलेले आहे, आणि पुस्तकात ते मोठ्या होऊ लागलेल्या मुलाने. पिल्लाला पंख फुटेपर्यंत घारीची सावली हवीहवीशी असते. तुमची मुलगी या दोन वयांच्या मधोमध उभी आहे, म्हणूनच ती गटात 'मंजुरी' मागते आणि घरात 'टॉक्सिक' म्हणते.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, तुमच्या चौकशीतील काही भाग रास्त आहे आणि काही भाग आता सोडून द्यावा लागेल. सहलीला जाताना कोणत्या गावी, कोणत्या वाहनाने, मुक्काम कुठे आणि परत कधी, एवढे घरी सांगितलेले असावे. अडचणीच्या वेळी फोन करता येईल असा सोबतच्या एका मैत्रिणीचा क्रमांक घरी असावा. ही अपेक्षा कोणत्याही वयाच्या माणसाकडून ठेवता येते, आणि तुम्ही उभयता प्रवासाला निघाल तेव्हा तिलाही तेवढेच सांगावे, म्हणजे तो नियम घराचा होईल, फक्त मुलीचा राहणार नाही. पाचही मैत्रिणींचे क्रमांक, त्यांच्या आईवडिलांची माहिती, दर तासाला नकाशावर ती कुठे आहे ते पाहणे आणि फोन न उचलल्यास सहा वेळा लावणे यांचा उपयोग सुरक्षिततेला कमी आणि तुमच्या जिवाच्या शांततेला जास्त होतो. तो जीव शांत करण्याची जबाबदारी १९ वर्षांच्या मुलीवर टाकू नये. मला ठाऊक आहे, हे लिहायला सोपे आणि रात्री अकरा वाजता बस अजून पोहोचलेली नसताना पाळायला फार अवघड आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. गटातील संदेश वाचल्याचे सांगावे का? न सांगण्यात एक सोय आहे, विषय तिथेच मिटतो. पण तो खरोखर मिटेल का, याचा प्रामाणिक विचार करावा. तुमच्या पत्राचा सूर पाहता, पुढच्या एखाद्या भांडणात 'हो, मी हेडऑफिसच ना!' हे वाक्य तुमच्या तोंडून निसटण्याची शक्यता मला बरीच वाटते, आणि त्या क्षणी मुलीच्या दृष्टीने संपूर्ण भांडणाचा विषय बदलेल : आई माझे खासगी बोलणे वाचते. मग तुमची बाजू कितीही रास्त असली तरी ती ऐकली जाणार नाही. रागाच्या भरात सांगणे तर त्याहून वाईट. म्हणून माझा कल थोडक्यात आणि शांतपणे सांगण्याकडे आहे. सर्वप्रथम संगणकावरील तिचे खाते बंद करा, पुन्हा उघडून पाहू नका. ती पुढच्या वेळी घरी येईल तेव्हा, दोघीच असताना, एवढेच म्हणा : 'दिवाळीत तुझे व्हॉट्सॲप उघडे राहिले होते. पहिला संदेश चुकून दिसला, पुढचे मी मुद्दाम वाचले, ते वाचायला नको होते. आता ते बंद केले आहे. 'एटीएम' वाचून मला बाबांसाठी वाईट वाटले, एवढेच सांगायचे होते.' खुलासा मागू नका. ती चिडेल, कदाचित रडेल, कदाचित 'तू वाचलेसच का' म्हणून तुमच्यावर उलटेल. तो राग योग्य आहे, तो ऐकून घ्यावा. 'टॉक्सिक'विषयीचे बोलणे मात्र याच बैठकीत उरकू नका. दोन्ही विषय एकत्र आले की एकाच्या आड दुसरा लपतो.

हा शब्द वापरू नकोस, असा हुकूम काढू नये. शब्द गटात चालूच राहतील, फक्त संगणक नीट बंद केला जाईल. तोंडावर केलेली शिवीगाळ किंवा आजीचा पाणउतारा तुम्ही जरूर थांबवावा, ती मर्यादा वेगळी आहे. तसेच, मैत्रीण व्हायच्या उत्साहात तिचेच शब्द तुम्ही स्वतः वापरू लागू नका. 'बोला, हेडऑफिस बोलतेय' असे फोनवर म्हणणारी आई मुलांना हसवत नाही, अवघडून टाकते. हे मी अनेक हौशी पालकांसाठी लिहिते आहे.

हे सदर मुलामुलींच्याही वाचनात येते, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. तुमच्या घरात मारहाण होत असेल, रोजचा अपमान सोसावा लागत असेल, शिक्षण तोडण्याची किंवा मर्जीविरुद्ध लग्न लावण्याची धमकी असेल, तर त्याला काय म्हणायचे याचा विचार करत बसू नका, मदत मागा. १८ वर्षांखालील मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहे, मनःस्वास्थ्यासाठी कोणत्याही वयाच्या व्यक्तीला १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते, आणि तातडीच्या प्रसंगी ११२ आहे. आणि आईचा केवळ पाचवा फोन आल्याने जीव वैतागला असेल, तर 'आई, दिवसातून एकच फोन कर, रात्री नऊला मी नक्की उचलेन' असे सांगून पाहा. आईला हे वाक्य कळते. 'टॉक्सिक' कळत नाही, फक्त लागते.

सासूबाईंना काय सांगावे, असे तुम्ही विचारलेले नाही, पण त्या घरात आहेत म्हणून सुचवते : गटातील शब्द त्यांच्यापर्यंत नेऊ नयेत. नातीने पाठीमागे बोललेले आजीपर्यंत पोहोचले की ते गावभर पोहोचते, आणि मग मुलीला परत येण्यासाठी घर उरत नाही. संस्कार कुठे कमी पडले, या तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला ज्या संदेशात दिसले तो मी वर उलगडला आहे. माझ्या मते तो प्रश्न तुम्ही सोडून द्यावा.

राहिले यजमान. त्यांना संदेश दाखवू नका, 'एटीएम' हा शब्दही सांगू नका. तो शब्द ते आयुष्यभर विसरणार नाहीत आणि मुलगी मात्र दोन वर्षांत विसरून जाईल. त्यांना इतकेच सांगा की, यापुढे रविवारचा फोन त्यांनी करायचा आणि तुम्ही त्या वेळी खोलीत थांबायचे नाही. पैसे, जेवण आणि अभ्यास हे तीन विषय त्या फोनवर वर्ज्य. काय बोलू, असे ते विचारतील. तिच्याकडून काही शिकायचे असेल ते विचारावे : मोबाइलवर रेल्वेचे तिकीट कसे काढायचे, शेजाऱ्यांच्या मुलाला कोणती शाखा घ्यायला सांगावी, तिच्या कार्यशाळेतील लेथ यंत्रावर ती स्वतः काम करते का. पहिले काही रविवार फोन दोन मिनिटांत संपेल आणि दोघेही तुमच्याकडे तक्रार करतील की, बोलायला काही नव्हते. त्या वेळी फोन पुन्हा आपल्या हाती घेऊ नका, आणि महिन्याचे पैसे पाठवल्याचा संदेशही यापुढे त्यांनाच मुलीला पाठवू द्या.